बलून हप्त्यावर गाडी घेण्याआधी दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा

नुकतीच नवीन गाडी घेतली. शोरूमच्या सेवेबद्दल चांगलं लिहिण्यासारखं बरंच आहे. तिथल्या फायनान्सच्या टेबलावर जी बलून पेमेंटची योजना (हप्ते लहान आणि शेवटी एक मोठी रक्कम एकरकमी) पुढे केली जाते, तिच्याबद्दल मात्र मोकळेपणाने सांगायला हवं. पाचपैकी तारे द्यायचे तर शोरूमला चार आणि योजनेला दोन. नाव कुणाचंच घेत नाही. अशाच योजना थोड्याफार फरकाने अनेक ठिकाणी विकल्या जातात, त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा कमी आणि त्या योजनेचा जास्त आहे.

हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम. कोणताही आर्थिक कागद मी शेवटच्या ओळीपासून वर वाचत जाते. बलून योजनेच्या कोटेशनमध्ये खरी गोष्ट शेवटच्या ओळीतच असते.

सेल्समन मुलगा नम्र होता, गाडीची माहितीही त्याला चांगली होती. पण त्याचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, महिन्याला किती हप्ता झेपेल?" मी आकडा सांगितला नाही. हप्त्याचा आकडा एकदा तोंडून गेला, की पुढचं सगळं बोलणं त्या आकड्यात गाडी कशी बसवायची याभोवती फिरतं. किंमत, व्याजदर आणि मुदत मागे पडतात. मी म्हटलं, "आधी एकूण किंमत लिहून द्या, मग व्याजदर, मग मुदत. हप्ता माझा मी काढते." त्याने काहीही खळखळ न करता लिहून दिलं. एवढ्यासाठी त्याचं कौतुक.

मग त्याने दोन कोटेशनं शेजारी शेजारी ठेवली. एक साध्या कर्जाचं, दुसरं बलूनचं. दुसऱ्यातला हप्ता डोळ्यांत भरेल इतका कमी होता. "बघा ना, किती हलका होतोय," तो म्हणाला. होतच होता. आकडा खोटा नव्हता.

बलूनचं गणित असं. साध्या कर्जात दर हप्त्यातून थोडं व्याज आणि थोडं मुद्दल फिटतं आणि शेवटच्या हप्त्याला खातं शून्यावर येतं. बलूनमध्ये मुद्दलाचा एक मोठा तुकडा, समजा ३० टक्के, बाजूला काढून मुदतीच्या शेवटी ठेवतात. दरमहा फेड होते ती उरलेल्या ७० टक्क्यांची. बाजूला ठेवलेल्या तुकड्याचं व्याज मात्र पहिल्या महिन्यापासून चालू असतं. हे वाक्य शोरूममध्ये कुणी आपणहून बोलत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

सोपा आकडा घेऊ. कर्ज १०,००,०००, व्याज १० टक्के घटत्या शिलकीवर, मुदत ५ वर्षं. चलन कोणतंही धरा, प्रमाण बदलत नाही. साध्या कर्जाचा हप्ता येतो २१,२४७. ३० टक्के बलून ठेवला तर १७,३७३. म्हणजे हप्ता जवळपास १८ टक्क्यांनी उतरला. आता एकूण व्याज बघा. साध्या कर्जात ते सुमारे २,७४,८०० होतं, बलूनमध्ये सुमारे ३,४२,४००. हप्ता १८ टक्के खाली, व्याज २५ टक्के वर. आणि साठावा हप्ता भरून झाला की ३,००,००० एकरकमी द्यायचे आहेतच.

त्या ३ लाखांकडे जरा जवळून बघितलं की चित्र आणखी स्पष्ट होतं. १० टक्क्यांनी त्यांचं महिन्याचं व्याज २,५०० होतं. १७,३७३च्या प्रत्येक हप्त्यातले २,५०० फक्त त्या थांबवून ठेवलेल्या रकमेसाठी जातात. ५ वर्षांत दीड लाख. एवढं भरूनही मूळ ३ लाखांतला एक पैसा कमी झालेला नसतो.

शेवटी रक्कम हातात नसेल तर? "काही नाही मॅडम, तेवढ्याचं परत लोन करून देतो." हे उत्तर मला फार सहज मिळालं. ३ लाख पुन्हा ३ वर्षांसाठी त्याच दराने घेतले, तर महिना ९,६८० आणि वर सुमारे ४८,५०० व्याज. म्हणजे ८ वर्षं हप्ते आणि एकूण व्याज ३,९०,०००च्या पुढे. शिवाय ५ वर्षांनी व्याजदर काय असेल, आपलं उत्पन्न काय असेल आणि जुन्या गाडीवर कर्ज द्यायला कुणी तयार असेल का, हे आज कुणीच लिहून देत नाही. मी विचारलं. लिहून मिळालं नाही.

दुसरा धोका मधल्या काळातला आहे, त्याबद्दल तर अजिबातच बोललं जात नाही. वरच्याच उदाहरणात ३ वर्षांनी साध्या कर्जाची शिल्लक असते सुमारे ४,६०,०००. बलूनच्या कर्जाची सुमारे ६,२२,०००. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात पूर्ण निकामी झाली, तर साध्या पॉलिसीत विमा कंपनी गाडीची त्या वेळची किंमत धरून पैसे देते. कर्ज किती उरलंय याच्याशी तिचा संबंध नसतो. बाजारभाव शिलकीच्या खाली गेलेला असेल तर मधली तफावत आपल्या खिशातून जाते, तीही गाडी नसताना. ही तफावत भरून देणारं वेगळं विमा संरक्षण असतं, पण ते मागून घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

म्हणून बलूनच्या टेबलावर विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न व्याजदराचा नाही. मुदत संपल्यावर गाडीची किंमत बलूनच्या रकमेपेक्षा कमी भरली तर तोटा कुणाचा, हा तो प्रश्न. दोन प्रकारच्या योजना एकाच नावाने विकल्या जातात. एका प्रकारात कर्ज देणारा गाडीच्या भविष्यातल्या किमतीची हमी घेतो. ब्रिटनमधलं पीसीपी, म्हणजे पर्सनल कॉन्ट्रॅक्ट परचेस, हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे शेवटी तीन वाटा असतात: रक्कम भरून गाडी ठेवा, गाडी परत करून मोकळे व्हा, किंवा ती देऊन दुसरी घ्या. हमीच्या बदल्यात किलोमीटरची किंवा मैलांची मर्यादा येते. मर्यादा ओलांडली किंवा नेहमीच्या झिजेपेक्षा जास्त नुकसान दिसलं, की वेगळा आकार लागतो. दुसऱ्या प्रकारात हमी वगैरे काही नाही. बलून म्हणजे सरळ तुमचं देणं. गाडीला काहीही भाव येवो, रक्कम भरायची. मला दाखवलेली योजना या दुसऱ्या प्रकारची होती आणि तोंडी वर्णन पहिल्या प्रकारचं चाललं होतं. "पाच वर्षांनी नाही आवडली तर गाडी देऊन टाकायची," असं मुलगा म्हणाला. करारात शोधलं. परत घेण्याचं एकही कलम नव्हतं. त्याला दाखवलं तेव्हा त्याने प्रामाणिकपणे मॅनेजरना बोलावलं आणि त्यांनी चूक मान्य केली. त्या मुलाला बहुधा तसंच शिकवलं गेलं असावं.

इथपर्यंत आलं की गाडीची उत्पादन तारीख हा विषय किरकोळ राहत नाही. हमी नसलेला बलून म्हणजे तुमची गाडी ५ वर्षांनी अमुक एका भावाला जाईल यावर लावलेली पैज. जुन्या गाडीच्या बाजारात भाव ठरताना पहिला प्रश्न असतो तो कितव्या सालची गाडी हा. तुम्ही पैसे यंदा मोजलेत आणि गाडी गेल्या वर्षी कारखान्यातून निघालेली आहे, तर ५ वर्षांनी तुमच्या मते ती ५ वर्षांची असेल आणि घेणाऱ्याच्या मते ६ वर्षांची. कर्जदात्याचा बलून मात्र तेवढाच राहील. कोटेशनवर गाडीचं मॉडेल, रंग, व्हेरियंट सगळं असतं. उत्पादनाचा महिना मला छापलेला दिसला नाही.

म्हणून मी पैसे भरण्याआधी मला देणार असलेली नेमकी गाडी बघायला मागितली. तशीच दुसरी गाडी नको, डिस्प्लेवरची नको. चासी नंबर माझ्या नावापुढे लिहिला जाणार आहे तीच. ती मागच्या यार्डात होती. वरून धूळ, आतून सीटवर प्लास्टिक, दिसायला एकदम कोरी.

ड्रायव्हरचं दार उघडून मधल्या खांबावर खालच्या बाजूला बघितलं. तिथलं स्टिकर लहान असतं आणि दाराची सावली पडते, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावला. महिना आणि साल स्वच्छ छापलेलं: ११/२०२४. आम्ही उभे होतो २०२५च्या उत्तरार्धात. मुलगा म्हणाला, "मॅडम, हा स्टिकरचा महिना असतो, गाडी नवीनच आहे." मी काही बोलले नाही, टायरकडे वळले.

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतर एक लांबलचक कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि साल. २०००पासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. पूर्ण कोड पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूवर असतो आणि ती बाजू आत गेलेली असेल तर वाकून बघावं लागतं. मी वाकले. तीन टायरांवर ४१२४, चौथ्यावर ४२२४. म्हणजे २०२४चा ४१वा आणि ४२वा आठवडा, ऑक्टोबरचा मध्य. ऑक्टोबरात टायर बनले, नोव्हेंबरात गाडी जुळली. टायर गाडीपेक्षा काही आठवडे जुने असणं स्वाभाविकच आहे. उलट झालं, म्हणजे टायर गाडीपेक्षा नवे निघाले, तर ते का बदलले हे विचारायला हवं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की अगदी खाली शिवलेली पट्टी दिसते, तिच्यावरही तारीख असते. तीही २०२४चीच होती. काचांवरच्या खुणा प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, त्यामुळे त्यांतून महिना काढायच्या फंदात मी पडत नाही. सगळ्या काचांवर एकाच सालाची खूण आहे ना, एवढंच बघते. एखादी वेगळी असेल तर ती काच बदललेली असू शकते, म्हणून विचारावं.

चासी नंबर, म्हणजे व्हीआयएन, १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० यांच्याशी गल्लत करतात. अनेक कंपन्या दहाव्या जागी मॉडेल वर्षाचा संकेत देतात: २०२३साठी पी, २०२४साठी आर, २०२५साठी एस, २०२६साठी टी. या गाडीच्या दहाव्या जागी एस होतं आणि मुलाने तेच बोट ठेवून दाखवलं. "हे बघा, २०२५!" तो खोटं बोलत नव्हता, पण मॉडेल वर्ष आणि उत्पादनाचं वर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या मॉडेल वर्षाच्या गाड्या आधीच्या वर्षाच्या मध्यापासूनच बनायला लागू शकतात. शिवाय काही कंपन्या दहावी जागा वर्षासाठी वापरतच नाहीत. म्हणून केवळ त्या अक्षरावर कधीच थांबू नये. स्टिकर, टायर, सीटबेल्ट यांचा मेळ बसतो का ते बघावं. आणि स्टिकरवर तारीखच नसेल, जी काही बाजारांत नसते, तर चासी नंबर देऊन कंपनीकडून उत्पादनाची तारीख लेखी मागवावी.

जुन्या महिन्याची गाडी वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. गाडी कारखान्यातून दूरवर पोचायला वेळ लागतो. दोन-तीन महिन्यांवर मी कधीच हरकत घेणार नाही. पण उघड्यावर बरेच महिने उभी राहिलेली गाडी झिजते, न चालताच. लेड-ॲसिड बॅटरी आपोआप उतरत जाते आणि फार काळ उतरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट साचून तिची ताकद कायमची कमी होते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा पडू शकतो. ब्रेकच्या डिस्कवर गंज धरतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. यातलं बरंचसं दुरुस्त होतं, पण ते गाडी ताब्यात घेण्याआधी आणि शोरूमच्या खर्चाने व्हायला हवं. मी यार्डातल्या गाड्यांच्या बॅटरी चार्जिंगची नोंद मागितली. ती व्यवस्थित ठेवलेली होती, वेळच्या वेळी सह्या होत्या. इथे शोरूमचा एक तारा पक्का झाला. ज्यांना लपवायचं असतं ते असली वही ठेवत नाहीत.

आणखी एक प्रश्न विचारला आणि तो प्रत्येकाने विचारावा: वॉरंटी कोणत्या तारखेपासून चालू झाली? साधारणपणे ती गाडी ताब्यात दिल्यापासून किंवा पहिल्या नोंदणीपासून मोजतात. गाडी आधी डेमोसाठी किंवा विक्रीचं टार्गेट दाखवण्यासाठी शोरूमच्याच नावावर चढवली असेल, तर तुमच्या वॉरंटीचे काही महिने तुम्ही गाडीत बसण्याआधीच संपलेले असतात. माझ्या बाबतीत तसं काही नव्हतं.

मग बोलणी झाली. मॅनेजरनी दोन पर्याय दिले: हीच गाडी सूट देऊन, किंवा नवीन लॉटमधली गाडी यायची वाट बघा. सूट किती रास्त, हे मी असं ठरवते. त्याच मॉडेलच्या, त्याच व्हेरियंटच्या, सारख्याच चाललेल्या पण लागोपाठच्या दोन सालांच्या जुन्या गाड्यांचे भाव बघायचे. त्या दोन भावांत जो फरक आहे, निदान तेवढी तरी सूट हवी. सीट कव्हर, मॅट आणि पॉलिशच्या रूपात दिलेली सूट यात धरायची नाही. मला देऊ केलेली सूट त्या फरकाच्या निम्मीही नव्हती आणि तिच्यातला बराच भाग ॲक्सेसरीजमध्ये होता. मी वाट बघायचं ठरवलं. नवी गाडी आली तेव्हा त्यांनी न विचारता स्टिकरचा फोटो पाठवला आणि मी जाऊन टायर परत वाचले. सगळं जुळलं.

कर्जाचं काय केलं? बलून घेतला नाही. फायनान्सच्या बाईंना म्हटलं, हप्ता कमीच करायचाय ना, मग साधं कर्ज ५ऐवजी ६ वर्षांचं काढून दाखवा. वरच्याच आकड्यांत बघा: ६ वर्षांचा साधा हप्ता १८,५२६. बलूनच्या हप्त्यापेक्षा महिन्याला फक्त १,१५३ जास्त. एकूण व्याज सुमारे ३,३३,९००, म्हणजे बलूनच्या ३,४२,४००पेक्षा कमी. आणि शेवटी एकरकमी काहीच नाही. बाईंनी आकडे दोनदा तपासले आणि म्हणाल्या, "असं शेजारी ठेवून कुणी विचारतच नाही हो." कुणी विचारत नाही हे खरं, पण हा तिसरा कागद आधीच्या दोन कागदांसोबत आपणहून ठेवायला काय हरकत होती? योजनेचे तारे माझ्यासाठी इथे गेले. व्याजदर वाजवी होता, छुपे आकार सापडले नाहीत. पण ज्याला हप्ता कमी हवा आहे त्याच्यापुढे बलून हाच एक मार्ग असल्यासारखा ठेवला जातो, आणि हे मला मनापासून खटकलं.

बलून कुणीच घेऊ नये असं नाही. ५ वर्षांनी एखादी ठेव नक्की मुदतपूर्ण होणार आहे आणि ती बलूनइतकी आहे, अशांना तो सोयीचा पडतो. धंद्यासाठी गाडी ठरावीक वर्षांनी बदलणाऱ्यांना, किमतीची लेखी हमी मिळत असेल तर, चांगलाच उपयोगी आहे. पण घेणार असाल तर मध्येच जास्तीचे पैसे भरले की ते बलूनमधून वजा होतात की हप्त्यातून, मुदतीआधी कर्ज बंद करायला किती आकार लागतो आणि बलून भरेपर्यंत गाडीवरचा बोजा कुणाच्या नावे राहतो, हे करारातल्या कलमाच्या क्रमांकासकट विचारून घ्या. मला पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन माणसांकडून दोन वेगळ्या प्रकारे मिळालं.

शोरूमचा पाचवा तारा अडला तो एकाच गोष्टीवर. निघताना मी मॅनेजरना सुचवलं, की कोटेशनच्या छापील नमुन्यात दोन ओळी वाढवा: गाडीच्या उत्पादनाचा महिना-साल आणि सगळे हप्ते अधिक बलून मिळून होणारी एकूण रक्कम. त्यांनी वहीत टिपून घेतलं आणि नमुना वरून ठरून येतो म्हणाले. सर्व्हिसिंगला जाईन तेव्हा कोटेशनचा कोरा कागद मागून बघणार आहे. त्या दोन ओळी दिसल्या तर पाचवा तारा देईन.